भाजी-भाकरीचे ताट आणि आपले आरोग्य

स्मरणिकेसाठी आरोग्यावर एखादा लेख द्यावा अशी सूचना संपादक मंडळाकडून आली, तेव्हा प्रथम रक्तदाब किंवा मधुमेह यांपैकी एक विषय घ्यावा असे मनात होते. परंतु आरोग्यसेविका म्हणून सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत नोकरीची सारी वर्षे काढल्यावर माझे मत असे झाले आहे, की उपकेंद्रात येणाऱ्या कितीतरी दुखण्यांचे मूळ चुलीपाशी असते आणि त्यांवरचा अर्धा उपायही तिथेच असतो. म्हणून औषधांविषयी न लिहिता भाजी-भाकरीविषयी लिहीत आहे.

सेवानिवृत्तीच्या आधीची एक गोष्ट सांगते. कॉलेजात शिकणाऱ्या, खोली घेऊन किंवा वसतिगृहात राहणाऱ्या मुलींची रक्ततपासणी होती. बाईमाणसाच्या रक्तात हिमोग्लोबिन निदान १२ ग्रॅम असावे लागते. रांगेतल्या एकेका मुलीचा आकडा ९, साडेनऊ, १० असा येत होता. मुली हुशार, कपडे नीटनेटके, हातात पुस्तके. मी प्रत्येकीला विचारले, "सकाळी काय खाल्लंस गं?" बहुतेकींचे उत्तर एकच, "चहा-बटर." दुपारी? "चपाती आणि बटाट्याची भाजी." रात्री? "भात." एका मुलीला मी म्हटले, "पालेभाजी खात नाहीस?" तर ती हसून म्हणाली, "मावशी, ती गावाकडं खात्यात."

तिचे ते वाक्य मी विसरले नाही. या मुली उपाशी नव्हत्या, पोट भरत होते. पण पोट भरणे निराळे आणि शरीराला लागणारे मिळणे निराळे. आणि ही काही त्या एका रांगेची गोष्ट नव्हे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्याआधीच्या, म्हणजे २०१५-१६ सालच्या पाहणीत हे प्रमाण ४८ टक्के होते. रस्ते झाले, शिक्षण वाढले, घरोघरी गॅस आला, आणि रक्त मात्र कमी झाले!

पुढे जाण्यापूर्वी एक खुलासा करते, कारण आपल्या वस्तीत या विषयावर बोलताना हा प्रश्न हमखास येतो. "बाई, तुम्ही आम्हाला मांसमच्छी सोडायला सांगताय का?" नाही. अंडी, मासे, मटण यांत उत्तम प्रतीची प्रथिने आणि लोह असते आणि ज्याला परवडते व रुचते त्याने ते खुशाल खावे. भिक्षूंना मासे-मांस वर्ज्य करावे अशी मागणी देवदत्ताने केली होती आणि तथागतांनी ती सक्तीची करण्यास नकार दिला, असे विनयपिटकात आहे. कोण काय खातो यावरून त्याची पवित्रता ठरवण्याचा धंदा आपला नव्हे. माझे म्हणणे एवढेच, की सामान्य घरात महिन्याचे पंचवीस दिवस तरी चुलीवर भाजी, डाळ आणि भाकरीच असते. रविवारच्या मटणाची जेवढी काळजी आपण घेतो, तेवढी या पंचवीस दिवसांची घेत नाही, आणि शरीर तर त्या पंचवीस दिवसांवरच चालते.

आता त्या मुलीच्या "गावाकडं खात्यात" या बोलण्याकडे येते. त्यामागे पोरवयाचा नखरा आहे हे खरे, पण तेवढेच नाही. आपल्या आजी-आजोबांच्या आठवणीत भाकरी म्हणजे दारोदार फिरून आणलेली, अनेक घरच्या कालवणाने भिजलेली शिळी भाकरी होती. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि उष्टे-शिळे तुकडे सोडण्याचे आवाहन केले, ते माणसाच्या अन्नाला मान असला पाहिजे म्हणून. त्याच बाबासाहेबांचे बालपण साताऱ्यात गेले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले, हे आपण दरवर्षी विद्यार्थी दिनाला सांगतो. पण १९०१ सालचा तो प्रवासही मुलांना सांगावा. वडिलांना भेटायला निघालेली ही लहान भावंडे मसूर स्टेशनवर उतरली. त्यांची जात कळताच गाडीवान मिळेना. रात्री जवळ जेवणाचा डबा भरलेला होता, परंतु कोणी पाणी देईना, म्हणून डबा असून पोरे उपाशी झोपली. अन्नाचा प्रश्न नुसता शिजवण्याचा नसतो, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार?

त्यानंतरच्या पिढीने १९७२ चा दुष्काळ पाहिला. माण, खटाव, आटपाडी, जतकडची वडीलधारी माणसे अजून सांगतात. खडी फोडण्याचे काम, रेशनवर अमेरिकेतून आलेला तांबडा मिलो आणि कामावर मिळणारी सुकडी. मिलोची भाकरी घशाखाली उतरत नसे. अशा दिवसांतून वर आलेल्या घराला गव्हाची चपाती आणि पांढरा भात ही सुखवस्तूपणाची खूण वाटली, तर त्यात नवल काय? आईवडिलांनी ठरवले, की आम्ही हुलगे खाल्ले, पोरांना ते दिवस नकोत. आमच्या शेजारच्या आत्याबाई हुलग्याचे नाव काढले की म्हणायच्या, "ही काय माणसानं खायाची चीज हाय व्हय? घोड्याला घालत्यात."

माझे नम्र म्हणणे असे, की अपमान होता तो मागून खाण्यात, उरलेले खाण्यात. ज्वारीत, हुलग्यात किंवा तांदुळजाच्या भाजीत अपमान नव्हता. आपण लाचारी टाकली ते योग्यच केले, पण तिच्याबरोबर धान्यही टाकून बसलो. आणि गंमत अशी, की २०२३ साल 'आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष' म्हणून साजरे झाल्यापासून तीच ज्वारी-बाजरी शहरातल्या दुकानांत चकचकीत पाकिटांतून विकली जाते आहे. आत्याबाईंनी ते पाहिले असते, तर काय बोलल्या असत्या कोण जाणे.

या दोन जिल्ह्यांची जमीन फार वेगवेगळी आहे. पश्चिमेला महाबळेश्वर, पाटण, शिराळा हा पावसाचा डोंगरी भाग. तिथे भात आणि नाचणी. मध्ये कृष्णाकाठ. कराड, वाळवा, पलूस, मिरज. इथे ऊस, भाजीपाला आणि गाळाच्या जमिनीतली ती प्रसिद्ध वांगी. पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, कवठेमहांकाळ, जत. इथे बाजरी, शाळू, मटकी आणि हुलगा. कोरेगाव तालुक्यातल्या वाघ्या घेवड्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. सांगलीची हळद तर देशभर जाते. थोडक्यात, चांगल्या ताटाला जे लागते ते सर्व आपल्या दोन जिल्ह्यांतच पिकते, बाहेरून काही आणायचे नाही.

चांगले ताट म्हणजे काय? आपल्या आज्यांनी ते शास्त्र न शिकता बसवले होते. ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ या धान्यांत प्रथिने असतात, पण ती अपुरी. त्यांच्यात लायसिन नावाचा एक घटक कमी पडतो. डाळी आणि कडधान्यांत हा घटक भरपूर असतो, पण त्यांच्यात मेथिओनिन हा दुसरा घटक कमी असतो, तो धान्यात मिळतो. दोन्ही एका दिवसाच्या जेवणात आली, की एकाची उणीव दुसरा भरून काढतो. म्हणून भाकरी आणि आमटी, बाजरी आणि उडदाचे घुटे, भात आणि डाळ या जोड्या जुन्या आहेत. नुसती चपाती आणि बटाटा ही जोडी मात्र फसवी आहे. दोन्हींत मुख्यतः पिष्ट, पोट भरते आणि प्रथिनांची बाजू लंगडी राहते. त्याच ताटात दोन चमचे शेंगदाण्याची चटणी आली, तरी फरक पडतो. शेंगदाण्यात शंभर ग्रॅमला सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात. आपल्याकडे दाण्याच्या कुटाचे कालवण, म्हणजे म्हाद्या, करतात. काही नसले की म्हाद्या, असे आपण म्हणतो, पण ते 'काही नसणे' बटाट्यापेक्षा किती तरी बरे!

साताऱ्याच्या घुट्याचे नाव निघालेच आहे, तर पद्धत सांगून टाकते, कारण नव्या सुनांना ती माहीत नसते. सालासकट उडदाची डाळ एक वाटी कोरडीच थोडी भाजावी, धुऊन मऊ शिजवावी आणि रवीने घुसळून एकजीव करावी. लसूण, हिरवी मिरची आणि जिरे ठेचून थोड्या तेलावर परतावे, त्यावर घुसळलेली डाळ, बेताचे पाणी आणि मीठ घालून उकळी आणावी. वरून कोथिंबीर. साल काढून टाकू नये, चोथा त्यातच असतो. हे घुटे बाजरीच्या भाकरीत चुरून खाल्ले, की मुलांना दुसरे काही लागत नाही.

आता पालेभाजी. इथे जरा थांबावे लागेल, कारण सर्वांत जास्त नुकसान आपण इथेच करतो.

मेथी, शेपू, चाकवत, पालक, माठ, राजगिरा, तांदुळजा, करडईचा पाला, हरभऱ्याचा पाला, अंबाडी, शेवग्याचा पाला, घोळ, पाथरी ही यादी आपल्या कोणत्याही वृद्ध भगिनीस तोंडपाठ असेल. या भाज्यांत लोह, कॅल्शियम, फोलिक आम्ल आणि डोळ्यांना लागणारे 'अ' जीवनसत्त्वाचे द्रव्य असते. शेवग्याचे झाड तर परसात एक असले, तरी घराला वर्षभर पाला आणि शेंगा पुरतात. आपण शेंगा खातो आणि पाला शेळीला घालतो. शेळी धष्टपुष्ट आणि घरातली गरोदर सून पांढरीफटक, असे दृश्य मी एकाहून अधिक घरांत पाहिले आहे.

पण भाजी आणली म्हणजे काम झाले असे नाही. बाया प्रथम भाजी बारीक चिरतात, मग चिरलेली भाजी पाण्यात टाकून खळाखळा धुतात, नंतर उकडून ते पाणी पिळून फेकून देतात आणि शेवटी तेलात बराच वेळ परततात. पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे, विशेषतः 'क' जीवनसत्त्व आणि फोलिक आम्ल, धुण्यात आणि पिळण्यात गेली, उरलेली उष्णतेत गेली. ताटात राहतो तो हिरवा चोथा. म्हणून भाजी निवडल्यावर अख्खीच दोन-तीन पाण्यांतून धुवावी आणि मग चिरावी. भाजी उकडावी लागली, तर ते पाणी आमटीत किंवा भाकरीच्या पिठात घालावे. झाकण ठेवून थोड्या वेळात शिजवावी. भाजी हिरवीगार दिसावी किंवा डाळ लवकर शिजावी म्हणून चिमूटभर सोडा टाकण्याची सवय अगदी सोडावी, कारण सोड्याने 'ब-१' जीवनसत्त्व नष्ट होते. तेल मात्र अजिबात नको असेही करू नये. 'अ' जीवनसत्त्वाचे द्रव्य शरीरात शोषले जायला थोडा स्निग्धांश लागतोच. एक चमचाभर पुरे, तवंग नको.

या दृष्टीने आपल्याकडचे गरगटे फार चांगले. पालेभाजी, मूठभर तूरडाळ किंवा हरभराडाळ आणि मूठभर शेंगदाणे एकत्र शिजवायचे, पळीने घोटायचे, थोडे बेसन लावून लसणाची फोडणी द्यायची. पाणी फेकायचा प्रश्नच नाही, सगळे भांड्यातच राहते. चाकवताला ताक घालून पातळ करतात, ते ताक आंबट असले तरी चालते, पण एकदा घातल्यावर फार उकळू नये, नाहीतर फाटते.

लोहाबद्दल आणखी एक गोष्ट आहे आणि ती माहीत नसल्यामुळे बराच खटाटोप फुकट जातो. भाजी-धान्यातले लोह शरीर सहजी घेत नाही, त्यातला थोडाच भाग शोषला जातो. पण जेवणाबरोबर 'क' जीवनसत्त्व असले, तर हे शोषण चांगले वाढते. म्हणून भाजी चुलीवरून उतरल्यावर लिंबू पिळावे. चुलीवर असताना नव्हे, कारण हे जीवनसत्त्व उष्णतेने कमी होते. लिंबू महाग असेल तेव्हा कच्चा टोमॅटो, कोबीची कोशिंबीर, आवळा, पेरू यांपैकी काहीही चालते. हंगामात पेरू आणि आवळा लिंबापेक्षाही सरस. उलट, चहातले टॅनिन लोह अडवते. जेवता जेवता किंवा जेवण होताच चहा पिण्याची आपली सवय मेथीच्या भाजीतले लोह अडवून धरते. चहा प्यावा, मीही पिते, पण जेवणात आणि चहात तासाभराचे अंतर ठेवावे. भाजी लोखंडी कढईत केली, तर कढईचे थोडे लोह अन्नात उतरते, हाही फायदाच. भाजी काळसर दिसते म्हणून जावयासमोर स्टीलचे भांडे काढायचे असेल, तर काढावे!

मात्र ज्यांचे रक्त तपासणीत फार कमी आले आहे, त्यांनी केवळ भाजीवर विसंबून राहू नये. उपकेंद्रात लोहाच्या गोळ्या मोफत मिळतात, त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने पूर्ण घ्याव्यात. गोळीने मळमळते म्हणून ती गादीखाली ठेवणाऱ्या मुली मला ठाऊक आहेत. रात्री जेवल्यावर घेतल्यास त्रास कमी होतो. तसेच ज्यांना मूतखड्याचा विकार आहे, त्यांनी पालक, राजगिरा, घोळ या भाज्या डॉक्टरांना विचारून खाव्यात.

रानभाजीसंबंधी एक इशारा द्यावासा वाटतो. पूर्वी भांगलायला गेलेल्या बाया ओटीत घोळ, पाथरी, तांदुळजा घेऊन यायच्या. आता उसाच्या आणि द्राक्षाच्या पट्ट्यात तणनाशके आणि औषधे फवारली जातात. बांधावरचा पाला कोवळा दिसतो, पण तो परवाच फवारलेला असू शकतो. ज्या रानाची माहिती आहे, तिथलीच भाजी आणावी. त्यापेक्षा घरामागे चार हात जागेत, सांडपाण्याच्या नव्हे तर भांडी विसळलेल्या साध्या पाण्यावर, तांदुळजा, मेथी आणि शेवगा लावावा. जागा नसेल, तर जुन्या टोपल्यांतही मेथी-कोथिंबीर होते.

कडधान्यांची गोष्ट थोडक्यात सांगते. मटकी, हुलगा, मूग, चवळी रात्रभर भिजवून फडक्यात बांधावी. मोड आले, की पचायला हलकी होतात, त्यांत 'क' जीवनसत्त्व तयार होते आणि लोह अडवणारे फायटेट कमी होते. वाघ्या घेवड्याची तऱ्हा निराळी. हा राजम्याचाच भाऊ. कच्चा किंवा अर्धवट शिजलेला घेवडा पोटाला बाधतो. मळमळ, उलट्या होतात, कारण त्यात एक विषारी द्रव्य असते आणि ते खळखळून उकळल्यावरच नष्ट होते. म्हणून सात-आठ तास भिजवून, ते पाणी टाकून देऊन, नव्या पाण्यात चांगला उकळून मऊ शिजवावा. नुसत्या कोमट आचेवर तासन्‌तास ठेवून भागत नाही. हुलग्याचे पीठ करून शेंगोळी किंवा गूळ घालून माडगे करता येते. थंडीच्या दिवसांत बाळंतिणीला आणि म्हाताऱ्यांना ते मानवते. आत्याबाईंना शेवटच्या आजारपणात मी माडगेच करून दिले होते. काय आहे ते सांगितले नाही. वाटी चाटून पुसून खाल्ली.

जे मुळीच मांस-अंडी खात नाहीत, त्यांना एक सूचना. 'ब-१२' हे जीवनसत्त्व भाजी-धान्यात मिळत नाही. दूध, दही, ताक यांतून काही मिळते. हातापायांना मुंग्या येणे, विसरभोळेपणा, अशक्तपणा जाणवल्यास रक्त तपासून घ्यावे.

मीठ, तेल आणि साखर यांविषयी सर्वांना ठाऊक आहे आणि कोणी करत नाही, म्हणून फार लिहीत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे, म्हणजे सपाट एक चमचा, आणि तेही खर्डा, लोणचे, पापड सगळे धरून. भजी तळलेले तेल पुन्हा पुन्हा तळणीला वापरू नये. आणि भाकरी चांगली म्हणून मधुमेह्याने चार-चार खाव्यात असेही नव्हे. भाकरीतही पिष्टच असते, फक्त तिच्यात चोथा आहे. दोन भाकरींच्या जागी दीड भाकरी आणि भाजी दुप्पट, असे प्रमाण ठेवावे. कोसलचा राजा पसेनदी फार जेवून धापा टाकत तथागतांकडे आला, तेव्हा त्यांनी त्याला मापात जेवण्याविषयी सांगितले. राजाने ते एका तरुणाला पाठ करायला लावले आणि रोज जेवणाच्या वेळी म्हणून दाखवायला सांगितले, अशी संयुत्तनिकायात कथा आहे. आपल्या घरात हे काम नातवंडे आनंदाने करतील!

खोली घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी एक भांड्याचा स्वयंपाक सांगते. एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी अख्खा मसूर (तासभर भिजवलेला), दोन वाट्या चिरलेली कोणतीही भाजी. गाजर, कोबी, दुधी, शेवग्याचा पाला, जे स्वस्त असेल ते. चमचाभर तेलात जिरे, लसूण, हळद, मग सर्व घालून साडेचार वाट्या पाणी, मीठ आणि कुकरच्या तीन-चार शिट्ट्या. वर लिंबू, शेजारी मूठभर शेंगदाणे. दोघांचे रात्रीचे जेवण झाले. दुधी चिरताना एक तुकडा जिभेला लावून पाहावा. कडू लागला, तर तो दुधी टाकून द्यावा, कारण कडू दुधी विषारी असतो. सकाळी चहा-बटरऐवजी भिजवलेले शेंगदाणे किंवा मोडाची मटकी आणि एक केळे. हे करायला स्वयंपाक यावा लागत नाही.

मुलग्यांनीही हे वाचावे. स्वयंपाक करणे मुलींचेच काम, असे साताऱ्याने तरी म्हणू नये. १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात सुरू केलेल्या शाहू बोर्डिंगमध्ये सर्व जातींची मुले एकत्र राहत होती, एका पंगतीत जेवत होती आणि बोर्डिंगची कामे स्वतः करत होती. मुलांच्या मुखी अन्न पडावे म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले. मूठ-मूठ धान्य गोळा करून ती चूल पेटती ठेवली गेली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलाने शिजवलेल्या अन्नाला मान मिळाला, तो अशा पंगतींतून. त्या मानाने आज आपल्या घरातल्या मुलाने गरगटे घोटणे ही काही मोठी गोष्ट नाही.

आता शेवटचा मुद्दा. हा मुद्दा मी भाषणात काढला, की पुरुष मंडळी घड्याळाकडे पाहू लागतात. घरात भाजी उत्तम झाली, तरी ती कोणाच्या ताटात जाते? आधी पुरुष, मग मुलगे, मग पाहुणे, मग मुली, आणि सर्वांत शेवटी जिने केली ती. तिच्या वाट्याला कढईच्या तळाचे चाटण, उरलेली भाकरी आणि खर्डा. उष्टे-शिळे खाऊ नका म्हणून महाडला सांगितले गेले, त्याला जवळजवळ शंभर वर्षे होत आली, आणि आपल्याच घरातली बाई अजून उरलेले खाते. रक्तक्षय कोणाला होतो, याचे उत्तर तपासणीच्या नळीत सापडण्याआधी पंगतीच्या क्रमातच सापडते. मी घरभेटीला जाई, तेव्हा कागद काढून विचारी, "काल रात्री तुमच्या ताटात भाजी किती पळ्या होती?" पुष्कळ जणींना आठवतच नसे, कारण भाजी नव्हतीच.

त्यावर एका वस्तीत आम्ही साधी युक्ती केली. भाजी झाल्याबरोबर, जेवायला कोणी बसण्याआधी, घरात जितकी माणसे तितक्या वाट्या भरून ठेवायच्या, करणारीची वाटी त्यात धरून. पाहुणा आला, तर सर्वांच्या वाटीतले थोडे थोडे काढायचे, एकीची वाटी रिकामी करायची नाही. सुरुवातीला सासवा कुरकुरल्या. एक म्हणाली, "असं मोजून खात्यात व्हय घरात?" पण तीन महिन्यांनी तिच्याच सुनेची तपासणी झाली, तेव्हा साडेआठचे दहा झाले होते. गोळ्याही चालू होत्या, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तरी सासू वस्तीत सांगत फिरली, ते वाट्यांचेच.

वैशाख पौर्णिमेला आपल्या घरोघरी खीर होते. कठोर उपोषणाने हाडांचा सापळा झालेल्या सिद्धार्थाने सुजाताची खीर घेतली आणि देह झिजवण्याचा मार्ग सोडला, त्याची ती आठवण. या पौर्णिमेला साखर आणि शेवयांऐवजी आपल्याकडची खपली गव्हाची किंवा नाचणीची खीर करून पाहावी. गहू रात्रभर भिजवून, सडून, मऊ शिजवावे, दूध घालून मंद आचेवर आटवावे आणि सुंठ, वेलची घालावी. गूळ मात्र खीर चुलीवरून उतरवून थोडी निवल्यावर घालावा, नाहीतर दूध फाटते. आणि वाट्या भरताना करणारीची वाटी पहिल्यांदा बाजूला काढून ठेवावी.